पाणी उष्णता गिळत नाही : लहान कॅबिनेटमधला वॉटर-कूल्ड गेमिंग संगणक

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे : "संगणकात पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना?" प्रश्न रास्त आहे. ज्या ग्राफिक्स कार्डाची किंमत लाखाच्या पुढे जाते त्याच्यापासून दोन बोटांवर पाणी फिरवायचं, तेही हाताने आवळलेल्या जोडांमधून, यात धाडस आहेच. तेव्हा आज आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. हे पाणी तिथे नेमकं कोणतं काम करतं, आणि ते काम करून घेताना कुठे चालढकल चालत नाही. कोणता स्क्रू कुठे, हे दाखवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, त्यात आम्ही भर घालणार नाही.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत ज्याला 'केस' म्हणतात त्याला आपल्याकडच्या दुकानांत कॅबिनेट म्हणतात आणि ते बरंच आहे, नाहीतर 'माझे केस लहान आहेत' असं वाक्य तयार होतं. आम्ही उदाहरणाला घेतलेलं कॅबिनेट आहे कूलर मास्टरचं एनआर२००. २०२० साली बाजारात आलं, आकारमान सव्वाअठरा लिटर. सव्वाअठरा लिटर म्हणजे किती? घरी पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा येतो ना, जवळपास तेवढं. नेहमीचं मोठं टॉवर कॅबिनेट याच्या अडीच-तीन पट असतं. याहून लहान, दहा लिटरच्या आतली कॅबिनेटंही मिळतात, पण पहिल्यांदा पाणी फिरवणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

या डब्यात मदरबोर्ड बसतो मिनी-आयटीएक्स जातीचा. सतरा सेंटिमीटर लांब, सतरा रुंद. हे माप व्हिआ या तैवानी कंपनीने २००१ साली आणलं आणि आजही तेच चालतं. प्रोसेसर आहे रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०८०. आता या कार्डाचं माप ऐका : नव्हिडियाचं स्वतःचं कार्ड ३०४ मिलिमीटर लांब, १३७ रुंद आणि तीन स्लॉट जाड, म्हणजे साठ मिलिमीटरच्या आसपास. त्या साठातला खरा सर्किट बोर्ड किती जाड? दोन मिलिमीटरसुद्धा नाही. बाकी सगळं ॲल्युमिनियमच्या पात्या आणि पंखे. म्हणजे आपण कार्ड म्हणून जे विकत घेतो त्यातलं बहुतेक आकारमान उष्णता बाहेर टाकण्याच्या यंत्रणेचं आहे.

लहान कॅबिनेटमध्ये पाण्याचं काम इथूनच सुरू होतं. तो अवजड हीटसिंक उतरवला आणि वॉटर ब्लॉक बसवला की कार्डाची जाडी वीस-पंचवीस मिलिमीटरवर येते. उष्णता तेवढीच राहते, एक वॉटही कमी होत नाही. पण ती जिथे तयार होते तिथेच टाकण्याची सक्ती संपते. नळीतून ती कॅबिनेटच्या भिंतीपर्यंत नेता येते आणि भिंतीला लावलेल्या रेडिएटरमधून बाहेर सोडता येते. ही कल्पना खेळणाऱ्यांनी काढलेली नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांत पाणी फिरत होतं. पुण्यात आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. कारण तेच : थोड्या जागेत खूप उष्णता.

आता एक गैरसमज, आणि तो आपल्याकडे फार पक्का आहे. पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माठ येतो. विदर्भात कूलर येतो, वाळ्याची ताटी येते. तिथे पाणी खरंच हवेपेक्षा गार होतं, कारण तिथे पाण्याची वाफ होते. वाफ होताना पाणी स्वतःची उष्णता घेऊन उडून जातं. आपल्या संगणकातलं पाणी बंद नळीत आहे. ते उडत नाही, उडता कामाही नये. म्हणून हे पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होणार नाही. खोली ३० अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार, प्रश्न फक्त किती वर एवढाच. 'वॉटर कूलिंग लावलं, आता मे महिन्यात एसीची गरज नाही' असं कोणी म्हणालं तर त्याच्या डोक्यात माठ आहे हे ओळखावं.

याच मुद्द्यातून एका भीतीचं उत्तर मिळतं. मुंबई-कोकणातून विचारतात : दमट हवेत नळ्यांना घाम येणार नाही का? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, कारण तांब्या हवेपेक्षा गार असतो. आपली नळी हवेपेक्षा गरम असते. घाम येण्याचा प्रश्नच नाही. बर्फ टाकून किंवा चिलर लावून पाणी खोलीपेक्षा खाली नेलं तर तो धोका उभा राहतो, पण तो आजचा विषय नाही.

मग हे पाणी किती तापेल? इथे थोडी आकडेमोड करू, फक्त गुणाकार-भागाकार आहे. कार्ड जास्तीत जास्त ३२० वॉट घेतं. खेळताना प्रोसेसर साठ-ऐंशी. मिळून ४०० वॉट धरू. आंघोळीचं पाणी तापवायचा जो रॉड असतो तो हजार-दीड हजार वॉटचा. म्हणजे रॉडच्या सुमारे तिसऱ्या भागाइतकी उष्णता त्या तेलाच्या डब्यात अखंड तयार होते आहे. सगळ्या नळ्या, टाकी, रेडिएटर धरून आत पाणी असतं अर्धा लिटर, फार तर सहाशे मिलिलिटर. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४,१८६ जूल लागतात. म्हणजे रेडिएटर नसताच तर हे पाणी दर सहा सेकंदांना एक अंश चढलं असतं आणि तीन-चार मिनिटांत तिशीवरून साठीला पोचलं असतं.

हा हिशोब मुद्दाम केला, कारण पुष्कळ जण मोठी टाकी घेतात आणि समजतात की जास्त पाणी म्हणजे जास्त थंडावा. तसं नसतं. हौदात वरून नळ सोडलेला आहे आणि खाली मोरी उघडी आहे, असं समजा. पाणी कुठवर चढेल हे हौद केवढा आहे यावर ठरत नाही, मोरी किती वाहते यावर ठरतं. मोठा हौद भरायला वेळ लागतो, एवढंच. आपली मोरी म्हणजे रेडिएटर. लहान कॅबिनेटमध्ये टाकीसाठी अडवलेली जागा ही रेडिएटरकडून हिसकावलेली जागा असते.

दुसरा हिशोब. पंप मिनिटाला तीन लिटर पाणी फिरवतो असं धरा, म्हणजे सेकंदाला पन्नास ग्रॅम. ४०० वॉट घेऊन हे पाणी सगळ्या ब्लॉकमधून एक फेरी मारतं तेव्हा त्याचं तापमान वाढतं जेमतेम दोन अंशांनी. यावरून एक जुना वाद निकालात निघतो : आधी प्रोसेसर की आधी कार्ड? मध्ये रेडिएटर हवा की नको? दोन अंशांच्या फरकासाठी लहान कॅबिनेटमध्ये एकही नळी वाकडी नेऊ नका. जो मार्ग सर्वांत छोटा आणि ज्यात नळीला घडी पडत नाही, तो मार्ग बरोबर. एकच क्रम पाळायचा : टाकीतलं पाणी थेट पंपाच्या तोंडाशी आलं पाहिजे. या पंपाचं बेअरिंग पाण्यानेच वंगणलं जातं. कोरडा चालला की झिजतो.

आता हवेची बाजू, कारण शेवटी सगळं हवेवर येऊन थांबतं. हवा दहा अंशांनी तापवून बाहेर सोडायची आणि ४०० वॉट वाहून न्यायचे, तर मिनिटाला साधारण दोन घनमीटर हवा रेडिएटरमधून गेली पाहिजे. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात अठ्ठावीस घनमीटर हवा असते. म्हणजे चौदा मिनिटांत खोलीतली सगळी हवा या डब्यातून एकदा जाऊन येते. दार-खिडक्या लावून, एसी न लावता तीन तास खेळलात तर खोली तापणार आणि खोलीबरोबर पाणीही. रेडिएटर कितीही भारी असो, त्याला यावर इलाज नाही.

रेडिएटरचा बाजारातला ठोकताळा असा : १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे शंभर वॉट, पंखे कानाला त्रास न देता फिरत असताना. आपल्याला चार पंख्यांएवढी जागा हवी. म्हणजे २४० चे दोन रेडिएटर. एनआर२०० मध्ये एक बाजूच्या भिंतीला बसतो आणि एक तळाला. ऐकायला सोपं वाटतं, खरी परीक्षा पट्टी हातात घेतल्यावर सुरू होते. बारीक रेडिएटर २७ ते ३० मिलिमीटर जाड, नेहमीचा पंखा २५. दोन्ही मिळून पंचावन्न. बाजूला ते खपतं. तळाला मात्र कार्ड आहे. तिथे आम्ही १५ मिलिमीटरचे पातळ पंखे सुचवतो आणि ते नेहमीच्या पंख्यांपेक्षा कमी हवा ढकलतात हे हिशोबात धरतो. कार्डाच्या विजेच्या जाड केबलला लगेच वळवता येत नाही, कनेक्टरपासून साडेतीन-चार सेंटिमीटर तरी ती सरळ जावी लागते, हेही पट्टीवर आधीच मोजायचं. कागदावर प्रत्यक्ष मापाची आकृती काढा. आम्ही पुठ्ठ्याचे तुकडे कापून कॅबिनेटमध्ये ठेवून बघतो. पोरखेळ वाटेल, पण फिटिंगच्या दोन कोपऱ्यांना वीस-वीस मिलिमीटर लागतात हे पुठ्ठाच सांगतो, कंपनीचं माहितीपत्रक नाही.

आणि पंखे कोणत्या दिशेने? एका रेडिएटरची गरम हवा दुसऱ्या रेडिएटरच्या तोंडात गेली की दुसरा अर्धा वाया. आमची पसंती अशी : बाजूचा आणि तळाचा, दोन्ही रेडिएटर बाहेरची हवा आत घेणारे, आणि वर दोन पंखे ती बाहेर फेकणारे. यात एक तोटा आहे. आतली हवा कोमट होते आणि मदरबोर्डाचे वीज-नियंत्रक, रॅम, एसएसडी हे सगळे त्या कोमट हवेवर जगतात. त्यांना पाणी मिळत नाही हे लोक विसरतात. जुना एअर कूलर काढला तेव्हा त्याच्या पंख्याचा वारा या मंडळींनाही लागत होता, तो बंद झाला. म्हणून वरचे बाहेर फेकणारे पंखे काटछाटीत घालवू नका. पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एसएमपीएस, तो एसएफएक्स मापाचा, साडेसातशे वॉटचा घ्या. तो आपली उष्णता आपल्या पंख्याने बाहेर टाकतो, त्याच्या तोंडासमोर नळी येऊ देऊ नका.

एक चिठ्ठी आली आहे : "प्रोसेसरला पाणी लावून किती फायदा?" खरं सांगायचं तर, या जुळणीत फार थोडा. ग्राफिक्स कार्डाची चिप उघडी असते. तिचं क्षेत्रफळ साधारण ३७९ चौरस मिलिमीटर, आणि ब्लॉकचं तांबं पेस्टच्या एका पातळ थरापलीकडे थेट तिच्यावर बसतं. म्हणून पाण्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर, एवढ्यात ती भागते. ७८००एक्स३डी मध्ये उष्णता तयार होते सुमारे सत्तर चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात. त्याच्यावर कॅशेचा वेगळा थर रचलेला, त्यावर तांब्याचं जाड झाकण, आणि मग आपला ब्लॉक. अडथळा झाकणाच्या आत आहे, तिथे पाणी पोचत नाही. पाण्याच्या वर पंचवीस-तीस अंश तो जाणारच. त्याची मर्यादा ८९ अंश आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण पैसे मोजके असतील तर पाणी आधी कार्डाला द्या.

कार्डाचा ब्लॉक घेताना एक काळजी. ब्लॉक हा '४०८० चा' नसतो, तो त्या विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट बोर्डाचा असतो. एकाच चिपची दोन कार्डं, पण मेमरी आणि कपॅसिटरच्या जागा निराळ्या. बोर्डाचं मॉडेल तपासल्याशिवाय ब्लॉक मागवू नका. आणि मेमरीवर ठेवायचे थर्मल पॅड ब्लॉकबरोबर दिलेल्याच जाडीचे वापरा. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लावला तर ब्लॉक मेमरीवर टेकून चिपवरून उचलला जातो. मग लोक पंपाला दोष देतात. कार्ड उघडल्यावर वॉरंटीचं काय होतं, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

आता जोड. सगळ्यांची झोप उडवणारा भाग हाच आहे. ब्लॉक, रेडिएटर, पंप सगळ्यांना जी पाव इंच जातीचे आटे असतात. म्हणजे आपल्या प्लंबरच्या ओळखीच्या पाइपांच्या आट्यांचंच घराणं. गंमत म्हणजे नाव पाव इंच, पण बाहेरचा व्यास भरतो १३.१६ मिलिमीटर. पट्टीने मोजून 'अर्धा इंच' म्हणून मागायला जाऊ नका, चुकीचंच मिळेल. प्लंबरचा हात इथे आपोआप टेफ्लॉन टेपकडे जातो. इथे टेप लावायची नाही. पाणी अडवतात ते आटे नव्हेत, पाणी अडवते ती ओ-रिंग, फिटिंगच्या बुडाशी बसलेली रबराची बारीक चकती. ती सपाट टेकली आणि थोडी दबली की काम झालं. हाताने घट्ट, त्यापुढे पाना लावून जोर नको. ॲक्रिलिकच्या टाकीला पान्याने आवळलं तर ओ-रिंग राहते आणि टाकी तडकते. ओ-रिंगला बसवण्याआधी पाण्याचं बोट फिरवा, म्हणजे ती पिळवटत नाही.

नळीबद्दल आमचं मत अनेकांना रुचत नाही. काचेसारख्या कडक नळ्या सुंदर दिसतात. पण एवढ्याशा कॅबिनेटमध्ये कडक नळी म्हणजे प्रत्येक वळण मिलिमीटरवर जुळवायचं आणि एक भाग काढायचा तर चार नळ्या उतरवायच्या. त्यातून पीईटीजीच्या नळ्या पाणी साठ अंशांकडे गेलं की मऊ पडू लागतात. आम्ही दहा-तेरा मापाची, म्हणजे आतून दहा मिलिमीटर, बाहेरून तेराची, ईपीडीएम रबराची काळी नळी वापरायला सांगतो. दिसायला गॅसच्या शेगडीच्या नळीची बहीण. पण पारदर्शक मऊ नळ्यांतून काही महिन्यांनी मऊपणा आणणारी रसायनं पाण्यात उतरतात आणि ब्लॉकच्या आतल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद फटींत जाऊन बसतात. ईपीडीएममध्ये ती भानगड नाही.

धातूंच्या बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही. ब्लॉक तांब्याचे असतील, किंवा तांब्यावर निकेलचा मुलामा असेल, तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. ॲल्युमिनियम नाही. या दोन धातूंना पाण्यातून जोडलं की ती एक बॅटरीच होते. तांब्याचा प्रमाण विभव अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचा उणे १.६६. एवढ्या फरकात ॲल्युमिनियम झिजत जातं, त्याचा पांढरा चोथा पाण्यात येतो आणि शेवटी रेडिएटरला भोक पडतं. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून फसवं आहे. सहा महिने सगळं छान चालतं. बाजारात मिळणाऱ्या सीलबंद तयार कूलरमध्ये हेच दोन धातू एकत्र असतात, हे खरं. पण तिथे कंपनीने गंजरोधक रसायन मोजून भरलेलं असतं आणि ते कोणी उघडत नाही. आपण दर वर्षी उघडणार आहोत.

पाणी कोणतं? नळाचं नाही, आरओचंही नाही, त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटर. पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं ते चालेल का, असं हमखास विचारतात. कॅनवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं असेल आणि कॅन सीलबंद असेल तर चालेल, पण नुसतं नाही. त्यात गंजरोधक आणि शेवाळनाशक मिसळलेलं तयार द्रावण, कॉन्सन्ट्रेट, घालावं लागतं. नुसत्या पाण्यात काही महिन्यांत जीवसृष्टी सुरू होते. दुधी किंवा चमचमत्या रंगांची द्रव्यं फोटोपुरती ठीक. त्यातले कण फटींत साचतात. आणि 'आमचं द्रव्य विजेचं वाहक नाही' ही जाहिरात पहिल्या दिवशी खरी असते. तांबं-पितळाशी काही आठवडे संगत झाली की त्यात आयन उतरतात आणि ते वाहक बनतं. तेव्हा गळलं तरी काही होणार नाही, या भरवशावर राहू नये. नवा रेडिएटर जोडण्याआधी आतून धुवा, आधी गरम पाण्याने, मग डिस्टिल्डने. कारखान्यातल्या डाखकामाचा कचरा त्यात राहिलेला असतो.

आता परीक्षा. पाणी भरण्याआधी हवा भरायची. दाबमापक लावलेला छोटा हातपंप मिळतो. एका तोंडाला तो, बाकी सगळी तोंडं बंद, आणि दाब अर्ध्या बारपर्यंत. मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास असतो, त्याचा चौथा भाग. अर्धा तास काटा हलला नाही तर जोड पक्के. इथे एक बारकावा : परीक्षा चालू असताना एसी लावू नका. हवा पाच अंशांनी गार झाली तर काटा आपोआप पंचवीस हजारांश बारने खाली येतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

मग पाणी. या वेळी मदरबोर्ड, कार्ड, कशालाच वीज द्यायची नाही. एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या जोडातली हिरवी आणि काळी तार जोडणारं छोटं जंपर मिळतं, त्याने फक्त पंप चालतो. तारा सगळ्या काळ्या असतील तर रंगावरून अंदाज करू नका, जंपरच वापरा. टाकी भरा, पंप दोन सेकंद चालवा, बंद करा, पुन्हा भरा. पाण्याची पातळी पंपाच्या तोंडाखाली जाता कामा नये. प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू ठेवा, त्यावर एक थेंबही दिसतो. चोवीस तास असं चालू द्या. मधूनमधून अख्खं कॅबिनेट उचलून चारही बाजूंना कलतं करा, मूल झोपवताना करतो तसं. तळाच्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा त्याशिवाय वर येत नाही. लहान कॅबिनेटचा हा एक फायदाच, मोठा टॉवर असा मांडीवर घेता येत नाही.

चिठ्ठी दुसरी : "पंप मध्येच बंद पडला तर सगळं जळेल का?" नाही. चिप स्वतःचं तापमान मोजत असते. मर्यादा आली की वेग कमी करते, तरी भागलं नाही तर बंद होते. खेळ अडखळेल, कार्ड जळणार नाही. पंपाची वेगाची तार मदरबोर्डाला जोडा आणि बायोसमध्ये इशारा लावून ठेवा. गळती दिसली तर मात्र शटडाउनची वाट बघू नका, थेट भिंतीवरचं बटण बंद करा. संगणक 'बंद' असतानाही मदरबोर्डावर थोडी वीज असतेच.

पंख्यांचा वेग कशावर ठरवायचा, याचं उत्तर आतापर्यंतच्या हिशोबातच आहे. चिपचं तापमान क्षणात वीस अंश वर-खाली होतं. पंखे त्यावर बांधले तर ते उगीच ओरडतात आणि गप्प होतात. पाणी सावकाश तापतं. म्हणून पाण्यात तापमानाचा सेन्सर बसवा आणि पंखे त्याच्यावर बांधा. प्रत्येक मिनी-आयटीएक्स बोर्डावर या सेन्सरची जागा नसते, ती बोर्ड घेण्याआधीच बघा.

आता आपल्या उन्हाळ्याचं गणित. खोली ३० अंश, चार पंख्यांचा रेडिएटर, ४०० वॉट : पाणी बेचाळीसच्या आसपास, कार्ड पंचावन्न, प्रोसेसर सत्तर. ठीक. पण नागपूर-अकोल्याला मेमध्ये एसी नसलेली खोली दुपारी ३८ ला असते. पाणी पन्नास. खोलीची दारं बंद असतील तर आणखी वर. आणि डी५ सारख्या पंपांना द्रवाची मर्यादा असते साठ अंश. म्हणजे चिप अजून आरामात आहे आणि पंप-नळ्या मात्र काठावर आल्या आहेत. हवेवर चालणाऱ्या संगणकात आधी चिप कुरकुरते, इथे इतर भाग आधी थकतात आणि ते कुरकुरत नाहीत. म्हणून आम्ही पाण्यालाच मर्यादा लावून ठेवायला सांगतो : पन्नासला पंखे पूर्ण वेगात, पंचावन्नला खेळ बंद.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पाण्यात नाही, कार्डाच्या सेटिंगमध्ये आहे. ३२० वॉटची मर्यादा अडीचशेवर आणा. खेळातला वेग काही टक्क्यांनी उतरतो, पण हौदात पडणारं पाणी सत्तर वॉटने कमी होतं आणि पाण्याचं तापमान दोन अंश उतरतं. काही जण विचारतात, मग एवढा खटाटोप करून वॉट कमीच करायचे तर पाणी कशाला? याचं प्रामाणिक उत्तर असं की, तुमच्याकडे टेबलाखाली मोठ्या कॅबिनेटची जागा असेल आणि पंख्यांचा आवाज चालत असेल, तर पाण्याची गरज नाही. चांगला एअर कूलर घ्या, उरलेल्या पैशांत मॉनिटर बदला. पाण्याने आपण गारवा विकत घेत नाही, जागा आणि शांतता विकत घेतो. वन-रूम-किचनमध्ये जिथे त्याच खोलीत कोणीतरी झोपलेलं असतं, तिथे या दोन्हींना किंमत आहे.

शेवटची चिठ्ठी पाणी बदलण्याबद्दल आहे. वर्षातून एकदा. त्यासाठी सर्वांत खालच्या जोडावर एक टी आणि छोटी तोटी आधीच बसवून ठेवा. ती नसेल तर अर्धा लिटर पाणी काढायला कॅबिनेट उलटं करावं लागतं. तोटीला नळी लावा, वर टाकीचं झाकण उघडा म्हणजे हवा आत येईल, पाणी भांड्यात घ्या. ते पांढऱ्या कपात ओतून बघा. स्वच्छ असेल तर नवं भरा. हिरवट किंवा गढूळ असेल तर ब्लॉक उघडून मऊ ब्रशने फटी धुवा, आणि ओ-रिंग पुन्हा बसवताना ती खाचेत चारही बाजूंनी बसली आहे ना, बोट फिरवून बघा. त्यानंतर पुन्हा हवेची परीक्षा, पुन्हा टिश्यू.